पावसाळ्यात भडंग सादळतं, नक्की कुठं चुकतंय?

माधवनगरची_सई
नमस्कार मंडळी. गौरी-गणपतीला दोन किलो चिरमुऱ्यांचं भडंग करायचंय, त्यातलं निम्मं एसटीनं पुण्याला जाणार. उन्हाळ्यात केलेलं महिनाभर कुरकुरीत राहतं. आता तेच प्रमाण, तीच कढई, पण तिसऱ्या दिवशी चामट, आणि मसाला सगळा डब्याच्या तळाशी. अर्ध्या किलो चिरमुऱ्यांना एक वाटी दाणे, अर्धी वाटी तेल, एक गड्डा लसूण, कढीपत्ता, दोन चमचे चटणी, मीठ, साखर. चिरमुरे वेगळे भाजत नाही, थेट फोडणीत परतते. काय बदलू?

कृष्णाकाठ
सईताई, शेवटच्या वाक्यातच उत्तर आहे. चिरमुरा हवेतलं पाणी भराभर ओढतो. उन्हाळ्यात तो मुळातच कोरडा असतो म्हणून निभावतं. आत्ता दुकानातून आणेपर्यंतच तो निम्मा सादळलेला असतो. त्यावर तेल चढलं की आतला ओलावा आतच राहतो, मग कितीही परता.

म्हणून आधी चिरमुरे चाळणीनं चाळा. वाळूत भाजलेले असतात, तळाला बारीक खर निघतेच. मग कोरड्या कढईत, मंद आचेवर, एका वेळी मूठ-दोन मूठच, चार-पाच मिनिटं हलवत राहा. रंग बदलता कामा नये. परातीत पसरून पूर्ण गार करा आणि मग एक चिरमुरा दोन बोटांत दाबा. टचकन फुटून भुगा झाला तर झाले. दबून चपटा झाला तर अजून भाजायचे. गरम असताना ही परीक्षा घेऊ नका, तेव्हा भाजलेलासुद्धा मऊच लागतो.

आणि एक विचारायचं राहिलं: चटणी म्हणजे नुसतं तिखट, की आपली कांदा-लसणाची?

वाईकर
दोन किलो असेल तर कढईत भाजता भाजता हात दुखून येतील. ओव्हन असल्यास १०० अंशांवर ट्रेमध्ये पातळ थर देऊन १०-१२ मिनिटं, मध्ये एकदा हलवायचं. दार लगेच उघडून वाफ जाऊ द्या. ऊन पडलंच तर दोन तास पुरे, पण चार वाजायच्या आत उचला. संध्याकाळची हवा लागली की वाळवलेलं सगळं वाया.

चिरमुरे भडंगाचेच मागा, जाड आणि फुगीर. भेळेचा पातळ चिरमुरा तेलात बसतो.

माधवनगरची_सई
चटणी कांदा-लसणाचीच, घरची. आणि चातुर्मास पाळणारे दोघं-तिघं आहेत, त्यांच्यासाठी लसणाशिवाय थोडं वेगळं करावं लागेल.

मिरजकर
मग चिरमुऱ्यानंतर दुसरा गुन्हेगार ती चटणी. तळलेला कांदा, खोबरं आणि तेल असतं तिच्यात. पावसाळ्यात ती ओलसर होते आणि गोळ्या धरते. तिच्या जागी निम्मं लाल तिखट आणि निम्मं काश्मिरी घ्या. चव चटणीचीच हवी असेल तर ती कोरड्या तव्यावर अगदी मंद परतून, गार करून, चाळून वापरा. चातुर्मासवाल्यांच्या भडंगात मात्र तिखटच. लसणाऐवजी हिंग दुप्पट आणि सुक्या खोबऱ्याचे पातळ काप तळून घाला, छान लागतं.

लसूण: अर्ध्या किलोला दोन गड्डे तरी हवेत. पाकळी सालासकट नुसती चेचायची, पेस्ट मुळीच नाही. पेस्ट बाहेरून लाल होते, आत ओली राहते, आणि तोच ओलावा डब्यात चिरमुऱ्यात उतरतो. मध्यम तेलात टाका, बुडबुडे जवळजवळ थांबेपर्यंत तळा. बुडबुडे म्हणजे लसणातलं पाणीच निघत असतं. सोनेरी झाला की झाऱ्यानं काढा, बाहेर तो आणखी एक छटा गडद होतो. कढीपत्ता आदल्या दिवशी धुऊन फडक्यावर पसरून ठेवा आणि चुरचुरीत तळा.

दाणे गार तेलातच घाला आणि मंद आचेवर चढू द्या. कडकडीत तेलात वरून करपतात, आत कच्चे राहतात, आणि आठवड्यात खवट वास मारायला लागतात.

कृष्णाकाठ
मिरजकरांच्या लसणाशी सहमत, पण साल मी काढून टाकेन. लहान मुलांच्या घशाला टोचतं. ज्याची त्याची आवड.

आता मसाला खाली बसण्याबद्दल. दोन कारणं: तेल कमी आणि मीठ-साखर जाडी. तुमची अर्धी वाटी म्हणजे ७५ मिलीच्या आसपास. अर्ध्या किलोला १७५ ते २०० मिली हवं. एवढं तेल जास्त वाटेल, पण चिरमुऱ्यावर पातळ थर बसला तरच तिखट त्याला धरतं. मीठ आणि दोन मोठे चमचे साखर मिक्सरमधून एकत्र पूड करून घ्या. मीठ बेतानं, चिरमुरा भाजतानाच खारवलेला असतो, आधी चाखून बघा.

क्रम असा: दाणे, लसूण, कढीपत्ता तळून बाजूला. गॅस बंद. दोन मिनिटं थांबून हिंग, एक चमचा हळद, शेवटी तिखट. तिखट घातल्यावर तेल फसफसलं तर ते जास्त तापलेलं आहे, मसाला कडू होणार. आपली राजापुरी हळद असेल तर चमचा सपाटच घ्या. मग चिरमुरे, खालून वर हलवत. दहा लिटरच्या पातेल्याशिवाय हे नीट होत नाही, म्हणून दोन किलोचे चार घाणे करा. सगळे चिरमुरे रंगले की पातेलं पुन्हा मंद आचेवर पाच-सात मिनिटं. मीठ-साखरेची पूड आणि तळलेलं सगळं त्यानंतर, आच बंद करून. लिंबू पिळू नका, आंबट हवं असेल तर चिमूटभर लिंबूफूल त्या पुडीतच.

वाईकर
पार्सलबद्दल: परातीत पूर्ण गार होऊ द्या, पण रात्रभर उघडं नको. कोमट भरलं तर झाकणाच्या आतून घाम येतो. जाड पिशवीत भरून, हवा दाबून, मेणबत्तीनं तोंड चिकटवा आणि पिशवी डब्यात ठेवा. डबा काठोकाठ भरा, वर कागदाचा बोळा. मोकळी जागा राहिली की गाडीच्या हादऱ्यानं मसाला झडतो. एका मोठ्या डब्यापेक्षा पाव-पाव किलोच्या पिशव्या बऱ्या, उघडली की त्याच दिवशी संपते.

माधवनगरची_सई
सगळ्यांचे मनापासून आभार. आधी अर्ध्या किलोचा एक घाणा करून बघते. परवाचं सादळलेलं अर्धा डबा शिल्लक आहे, त्याचं काही होईल का?

मिरजकर
होईल ताई. कढईत तेल न घालता, सगळ्यात बारीक आचेवर, सतत हलवत आठ-दहा मिनिटं. मीठ-साखर लागलेली आहे, त्यामुळे हात थांबला की तळाशी लागतं. गार झाल्यावर बोटांची परीक्षा घ्या आणि दोन दिवसांत खाऊन टाका, पुन्हा साठवू नका.