डेटाबेस सर्व्हर उठत नसेल तर आधी लॉग (सर्व्हर स्वतःच्या अडचणी लिहून ठेवतो ती फाइल) वाचायचा की आधी काम चालू करायचं? सोलापुरातल्या तिघांची चर्चा; नावाच्या जागी ज्याचा त्याचा भाग.

अक्कलकोट रोड:
एमआयडीसीतल्या यंत्रमाग कारखान्यांची कॉम्प्युटरची कामं मी करतो. गेल्या आठवड्यात जे बघितलं ते अजून डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

एका टॉवेल कारखान्यात दुपारी लाईट गेली. लाईट आल्यावर एक्सॅम्प या तयार सॉफ्टवेअर-संचातलं मायएसक्यूएल (डेटा सांभाळणारा सर्व्हर) क्षणभर हिरवं व्हायचं आणि बंद पडायचं. गेटवर ट्रक उभा, मालक डोक्यावर: "काय वाचत बसलाव, चालू करा की!" तिथल्या मुलाने इंटरनेटवर बघून 'बॅकअप' नावाचा फोल्डर उचलून 'डेटा' फोल्डरवर पेस्ट केला. 'रिप्लेस करू का' विचारल्यावर होय म्हणाला. मी पोचलो तेव्हाही सर्व्हर बंदच पडत होता. शेवटी उठला, पण सुताच्या स्टॉकचं टेबल उघडेना. एरर १९३२, टेबल इंजिनमध्ये नाही.

त्या 'बॅकअप' फोल्डरात आपला बॅकअप नसतोच. तो इन्स्टॉलबरोबर येणारा कोरा साचा. त्यातली कोरी आयबीडेटा१ ही मुख्य फाइल जुन्या फाइलीवर बसली आणि कुठलं टेबल कुठे आहे ही इनोडीबीची (मायएसक्यूएलमधलं टेबलं साठवणारं इंजिन) नोंदच गेली.

सर्व्हर उठला तो मी लॉग उघडल्यावर. शेवटच्या ओळींत स्पष्ट लिहिलं होतं की ३३०६ पोर्ट (मायएसक्यूएलचा ठरलेला दरवाजा, एका वेळी एकालाच मिळतो) आधीच कोणीतरी धरलंय. हजेरी मशीनच्या सॉफ्टवेअरचं स्वतःचं मायएसक्यूएल विंडोजबरोबर आधी उठलं होतं. डेटाला काहीही झालेलं नव्हतं! ती एक सर्व्हिस बंद केली असती की काम झालं असतं.

माझं मत पक्कं आहे. आधी डेटा फोल्डरची कॉपी दुसरीकडे, मग लॉगच्या शेवटच्या २०-३० ओळी, आणि त्यानंतरच हात लावायचा.

पूर्व भाग:
भाऊ, वाईट वाटलं, पण मत पटलं नाही. माझ्याकडे मेडिकल दुकानं आणि एक दवाखाना आहे. संध्याकाळी पेशंटची रांग लागलेली असताना मी लॉग वाचत बसू शकत नाही. रात्रीचा डंप (सगळ्या डेटाची फाइलीत काढलेली प्रत) असतो. नवीन इन्स्टॉल, डंप रिस्टोअर, अर्ध्या तासात काम चालू. तुमच्या कारखान्यात खरी चूक डंप नसण्याची आहे.

आणि लॉग वाचून लोक काय करतात तेही बघितलंय. एरर गुगलवर टाकतात, कुणीतरी 'इनोडीबी फोर्स रिकव्हरी ६ करा' (बिघडलेला सर्व्हर जबरदस्तीने उठवायची सेटिंग, १ ते ६) सांगतं, हे करतात. ४ किंवा त्याच्या पुढे डेटा कायमचा खराब होऊ शकतो असं मॅन्युअलमध्येच लिहिलंय. अर्धवट वाचणाऱ्यापेक्षा न वाचता रिस्टोअर करणारा बरा.

होटगी रोड:
पूर्व भाग सर, डिस्क भरली असेल तर रिस्टोअर करणार कुठे? आमच्याकडे लिनक्सवर हेच झालं. लॉगमध्ये एरर २८, म्हणजे जागा संपली. मायएसक्यूएल ८ मध्ये बायनरी लॉग (डेटातल्या प्रत्येक बदलाची नोंद, एररचा लॉग वेगळा) आपोआप चालू असतो आणि ३० दिवस साठवतो, त्यानेच डिस्क खाल्ली होती. नवीन इन्स्टॉल करूनही तिथेच अडकलो असतो.

शिवाय 'चालू होत नाही' म्हणून येणाऱ्या कित्येक फोनमध्ये सर्व्हर चालूच असतो. राउटर बदलला, सर्व्हरचा आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) बदलला, काउंटरवरचे कॉम्प्युटर जुन्याच आयपीला हाका मारतायत. किंवा एरर १०४०, कनेक्शन जास्त झाली. मूळ मर्यादा १५१ ची असते, एखादं सॉफ्टवेअर कनेक्शन सोडत नसेल तर ती भरते. यात रिस्टोअर कशाला?

अक्कलकोट रोड:
पूर्व भाग, फोर्स रिकव्हरीचं तुमचं शंभर टक्के खरं. मी १ पासून चढतो, तेही फक्त डंप बाहेर काढण्यापुरतं. पण तुमचा डंप काल रात्रीचा. आज सकाळपासून टाकलेली चलनं त्यात नाहीत. ती फक्त त्या बंद पडलेल्या फोल्डरात आहेत, आणि नवीन इन्स्टॉल करताना तो फोल्डरच जाऊ शकतो.

पूर्व भाग:
दुकानात बिलाची कार्बन प्रत असते, पुन्हा टाकता येतं. दवाखान्यात मात्र दिवसभराचे केसपेपर पुन्हा टाकणं अवघड, हे मान्य. फोल्डरची कॉपी मी आजपासून आधी करीन. लॉग मात्र रांग ओसरल्यावरच. समोर तापाने फणफणलेलं पोर घेऊन आई उभी असते हो.

त्या कारखान्याचं पुढे काय झालं?

अक्कलकोट रोड:
दोन रात्री बसलो. आयबीडी फाइली (एकेका टेबलाचा डेटा असलेल्या) शाबूत होत्या. तशाच रचनेची कोरी टेबलं करून एकेक फाइल इम्पोर्ट केली. सुताचा स्टॉक आला, चलनं आली. मजुरीच्या टेबलाची रचना कुणाकडेच नव्हती, ते आलं नाही. आता मुकादमाच्या वहीवरून तो मुलगाच रोज संध्याकाळी टाकतोय. अजून मार्चपर्यंत पोचलाय.