ग्लायकोलिसिस आणि ग्लायकोजेनोलिसिस: दोन्हींना ‘विघटन’च?

प्रश्न: ‘ग्लुकागॉनमुळे यकृतात ग्लुकोजचे विघटन वाढते.’ मूळ शब्द ग्लायकोजेनोलिसिस आहे. हे भाषांतर चालेल का?

प्रतिसाद: नाही, अर्थ उलटा होतो. दहावीच्या पुस्तकातलं ‘ग्लुकोज-विघटन’ म्हणजे ग्लायकोलिसिस: 10 पायऱ्यांत एका ग्लुकोजचे दोन पायरुवेट (छोटे रेणू), निव्वळ 2 एटीपी (पेशीला ऊर्जा पुरवणारे रेणू). ग्लुकागॉन हे संप्रेरक यकृतात हीच क्रिया मंदावतं. वाढतं ते ग्लायकोजेनचं, म्हणजे साठवलेल्या ग्लुकोजच्या साखळीचं, विघटन.

प्रतिसाद: मण्यांच्या माळेवरून पाहा. ग्लायकोजेन ही माळ, ग्लुकोज हा मणी. जेवणानंतर इन्सुलिन माळ ओवायला लावतं. उपाशीपोटी ग्लुकागॉन ती सोडायला लावतं. ग्लायकोलिसिसमध्ये मात्र मणीच फुटतो. ग्रीक ‘लिसिस’चा अर्थही ‘सोडवणे’ असाच आहे, त्यामुळे ‘ग्लायकोजेन सुटे होणे’ मला जास्त पटतं. परीक्षेत लिहू नका, गुण जातील!

पुरवणी: ‘कुठे’ तेही लिहा. यकृतात साधारण 100 ग्रॅम ग्लायकोजेन असतं, स्नायूंत 400 च्या आसपास. पण स्नायूंतल्या ग्लुकोजला चिकटलेला फॉस्फेट काढणारं विकर तिथे नसतं, म्हणून ते रक्तात येत नाही. ‘स्नायू रक्तातली साखर वाढवतात’ हे वाक्य त्यामुळे चूक.

प्रश्न: मग ग्लुकोनिओजेनेसिस म्हणजे ‘उलटं विघटन’?

प्रतिसाद: तेही नको. 10 पैकी 3 पायऱ्या उलट फिरत नाहीत. तिथे शरीर वेगळी विकरं वापरून वळसा घेतं. ‘ग्लुकोजची नवनिर्मिती’ म्हणा. त्यातला ‘नव’ गाळू नका. लॅक्टेट, ग्लिसरॉल, अमिनो आम्लं अशा कर्बोदक नसलेल्या मालातून मणी घडतो, हे त्या अक्षरांतच आहे. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरचं औषध मुख्यतः यकृतातली ही नवनिर्मिती कमी करतं, तेव्हा ‘साखर जाळणारी गोळी’ हे वर्णन फसवं.

प्रतिसाद: शब्दांचा हा फरक उपचारातही दिसतो. साखर फार उतरली की प्रौढांना ग्लुकागॉनचं 1 मिलिग्रॅमचं इंजेक्शन देतात. दिवसभर उपाशी राहून दारू प्यायलेल्या माणसावर ते फिकं पडतं: माळ संपलेली, आणि दारूने नवनिर्मितीही अडवलेली. तिथे शिरेतून ग्लुकोजच द्यावं लागतं. पत्रकात नुसतं ‘ग्लुकागॉन साखर वाढवतं’ असेल, तर वाचणाऱ्याला हे कसं कळणार?

मूळ प्रश्नकर्ता: वाक्य बदललं: ‘ग्लुकागॉनमुळे यकृतातल्या ग्लायकोजेनचे विघटन होऊन ग्लुकोज रक्तात येते.’

प्रतिसाद: आता बरोबर. फक्त पहिल्यांदा ‘ग्लुकागॉन हे संप्रेरक’ असं लिहा. ग्लायकोजेनशेजारी ते छपाईची चूक वाटतं.