शब्दचर्चा: 'रिक्त पदे', 'गळती' आणि 'कार्यरत'

जिज्ञासू: सरकारी कार्यालयांच्या मनुष्यबळ आढाव्यात 'रिक्त पदे' आणि 'गळती' एकाच अर्थाने वापरलेले दिसतात. हे समानार्थी आहेत का?

आस्थापना: अजिबात नाही. रिक्त पदे म्हणजे न भरलेली मंजूर पदे, ती मोजायची एका तारखेला; गळती म्हणजे कार्यालयातून गेलेली माणसं, ती मोजायची एका मुदतीत. समजा, मंजूर पदे 500 आणि वर्षअखेरीस कार्यरत 380. म्हणजे 120 रिक्त, 24 टक्के. गळती काढताना मंजूर पदांनी भागायचं नाही, सरासरी मनुष्यबळाने भागायचं. वर्षारंभी 420 होते, 52 गेले, 12 आले, उरले 380. सरासरी 400, गळती 13 टक्के.

तक्तेवाला: त्या 52 ची फोड केल्याशिवाय 13 टक्के कुणापुढे ठेवू नका. 34 निवृत्त, 14 बदलीने गेलेले आणि राजीनामे फक्त 4, असं निघालं तर 'लोक नोकरी का सोडतात' या बैठकीला अर्थच नाही. राजीनाम्यांची गळती जेमतेम 1 टक्का आहे. खरा प्रश्न भरतीचा. निवृत्तीची तारीख जन्मतारखेवरून आधीच कळते, त्यामुळे भरतीला दीड वर्ष लागत असेल तर मागणीपत्र (किती पदं भरायची ते कळवणारं पत्र) आजच्या रिक्त पदांवर नव्हे, दीड वर्षानंतरच्या पदांवर बेतायला हवं.

आणि बदली ही कार्यालयापुरती गळती. खात्याच्या पातळीवर तो माणूस आहेच. सगळ्या कार्यालयांचे आकडे नुसते मिळवले की खात्याची गळती उगाच फुगते.

आस्थापना: सगळ्यात घोळ 'कार्यरत' शब्दात असतो. 380 मध्ये 15 जण प्रतिनियुक्तीवर, म्हणजे तात्पुरते दुसऱ्या कार्यालयात, बाहेर आणि 20 दीर्घ रजेवर असतील, तर टेबलावर 345 च. उलट, अतिरिक्त कार्यभार असलेला अधिकारी पदनिहाय यादीत दोनदा येतो. म्हणून मोजणी नावावरून किंवा पदावरून नाही, कर्मचारी क्रमांकावरून करावी आणि वेतन देयकाशी ताडून पाहावी. कंत्राटी माणसं वेगळ्या रकान्यात. ती काम करतात, पण त्यांच्यामुळे मंजूर पद भरलं जात नाही.

जिज्ञासू: सहा जणांच्या शाखेची गळती टक्क्यांत द्यावी का?

तक्तेवाला: नको. एक माणूस गेला की 17 टक्के, आणि लगेच 'गंभीर' शेरा! तीन वर्षं एकत्र घ्या किंवा नुसती संख्या लिहा. शिवाय राजीनाम्याचं कारण, आजारपणाची रजा असली माहिती एवढ्या लहान गटाची दिली की माणूस ओळखू येतो. पाचपेक्षा कमी संख्या झाका. पण एकच चौकट झाकून बेरीज उघडी ठेवलीत तर वजाबाकीने ती कुणालाही काढता येते, तेव्हा सोबत आणखी एक चौकट झाकावी लागते.

जिज्ञासू: मग 345 ला शीर्षक काय द्यावं?

आस्थापना: 'प्रत्यक्ष उपलब्ध', आणि तारीख शीर्षकातच. तळटीप कुणी वाचत नाही.