शब्दचर्चा: कोर्टातला ‘रोजनामा’

प्रश्न: लघुवाद न्यायालयातल्या (स्मॉल कॉजेस कोर्टातल्या) भाडेदाव्यात ‘रोजनामा’ म्हणजे नेमकं काय? रोजनिशीच का? आणि न्यायाधीशांच्या वागणुकीबद्दल तक्रार करताना ‘रोजनाम्याची नक्कल जोडा’ असं का सांगतात?

उत्तर: रोजनिशी माणसाची, रोजनामा दाव्याचा. हुकूमनाम्यातला ‘नामा’ तोच, म्हणजे लेख. त्या तारखेला कोण हजर होतं, कोणता अर्ज आला, काय हुकूम झाला, पुढची तारीख कोणती, हे त्यात असतं. लिहितो कारकून, सही न्यायाधीशांची. म्हणूनच त्याला वजन. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर दिसतं ते त्रोटक कामकाज, तेवढ्यावर विसंबू नका.

पुरवणी: खरी मेख ‘तहकूब’ या शब्दात आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १७ नुसार सुनावणी सुरू असताना एका पक्षाला तीनपेक्षा जास्त तहकुबी देऊ नयेत आणि कारण लेखी नोंदवावं. रोजनाम्यात नुसतं ‘तहकूब’ असेल तर ती कोणी मागितली तेच कळत नाही, मग मोजणार काय? तोंडी हरकत रोजनाम्यात उतरेलच असं नाही. लेखी अर्ज द्या. त्याला निशाणी (एक्झिबिट) क्रमांक पडतो आणि त्याखाली आदेश करावा लागतो.

शंका: निकालच चुकीचा असेल तर ते ‘गैरवर्तन’ का?

उत्तर: नाही, आणि बहुतेक तक्रारी इथेच बाद होतात. चुकीच्या निकालावर उपाय अपिलाचा: महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ३४ खाली ३० दिवसांत, मुंबईत त्याच न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठापुढे. तक्रार केली म्हणून ही मुदत थांबत नाही. निकालाची नक्कल मिळायला लागलेले दिवस मात्र वजा होतात, म्हणून नकलेवरच्या अर्जाच्या आणि तयार झाल्याच्या तारखा पाहून घ्या. गैरवर्तन म्हणजे पैसे मागणं, एका पक्षाला खासगीत भेटणं, पक्षकाराचा अपमान करणं.

पुरवणी: अशी तक्रार उच्च न्यायालयाच्या महाप्रबंधकांकडे (रजिस्ट्रार जनरल) जाते, कारण संविधानाच्या अनुच्छेद २३५ नुसार खालच्या न्यायालयांवर नियंत्रण उच्च न्यायालयाचं. सोबत शपथपत्र हवं. ‘नेहमी’, ‘सगळे जाणतात’ असले शब्द काढून टाका. तारीख, निशाणी, नेमके बोललेले शब्द लिहा. अवमानाची भीती अनेकांना अडवते, पण १९७१ च्या अवमान कायद्याचं कलम ६ पाहा: खालच्या न्यायालयाच्या पीठासीन अधिकाऱ्याबद्दल उच्च न्यायालयाकडे सद्भावनेने केलेलं निवेदन अवमान ठरत नाही. तोच मजकूर चारचौघांत पसरवला तर हे संरक्षण नाही.