कानातल्या पाच सुया
'सुया टोचून (म्हणजे अ‍ॅक्युपंक्चरने) मनाचा धक्का कसा बरा होणार?' असं लोक विचारतात. बरा होतो असं नाही, पण आधार मिळतो. न्यूयॉर्कच्या लिंकन हॉस्पिटलात १९७० च्या दशकात हेरॉईन सोडणाऱ्यांसाठी कानात सुया लावायला लागले. त्यातूनच प्रत्येक कानात पाच सुयांची 'नाडा' पद्धत आली (आपल्या नाडीशी संबंध नाही, ते ही पद्धत शिकवणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप!). ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर न्यूयॉर्कमध्ये धक्का बसलेल्या लोकांसाठी हीच वापरली. मला त्यातलं मोलाचं वाटतं ते हे, की लोक एकत्र नुसते गप्प बसतात. काय घडलं ते कुणालाच सांगावं लागत नाही. २०२४ मध्ये युद्धाचा धक्का बसलेल्या अमेरिकी माजी सैनिकांवरच्या अ‍ॅक्युपंक्चरच्या (फक्त कानातल्या सुयांच्या नव्हे) चाचणीत नावापुरत्या टोचलेल्या सुयांपेक्षा खऱ्या उपचाराचा गुण जास्त दिसला. माणसं ९३च होती, म्हणून चालू गोळ्या मनानेच बंद करू नका.