एम्बेडेड व्हिजनमध्ये (छोट्या बोर्डावरच कॅमेऱ्याची चित्रं ओळखणं) जायचंय, सी++ खरंच लागतं का?

पायथॉनवाला: पुण्यात आहे, पायथॉन आणि ओपनसीव्हीवर (चित्रांवर काम करायची लायब्ररी) काम करतो, लॅपटॉपवर मॉडेल मस्त पळतं पण तेच जेटसन नॅनोवर (एनव्हिडियाचा छोटा जीपीयूवाला बोर्ड) टाकलं की रडतं. इंटरव्ह्यूला सगळे सी++ विचारतात. शिकू का?

फर्मवेअर_काका: शीक बाबा, इथे सगळा वेळेचाच खेळ आहे. ३० एफपीएस (सेकंदाला ३० फ्रेम) म्हणजे एका फ्रेमला ३३ मिलीसेकंद, त्यात कॅमेऱ्यातून घेणं, रिसाइझ, मॉडेल, आउटपुट सगळं बसवायचं. आणि आधी मोजून बघ वेळ कुठे जातोय, बऱ्याचदा मॉडेल बिचारं निर्दोष असतं, फ्रेम इकडून तिकडे कॉपी करण्यातच वेळ जातो. नॅनोवर सीपीयू-जीपीयूची मेमरी एकच आहे तरी लोक कॉपी करत बसतात!

पायथॉनवाला: मॉडेल हलकं करायला आकडे ८ बिटांचे, म्हणजे आयएनटी८ केले तर?

फर्मवेअर_काका: जुन्या नॅनोच्या जीपीयूला त्याचा सपोर्ट नाही. टेन्सरआरटीमधून (मॉडेल वेगवान करणारं एनव्हिडियाचं टूल) एफपी१६ कर, म्हणजे १६ बिटांचे दशांश आकडे.

लेन्सवाली: कोडच्या आधी लाइट आणि लेन्स शिका असं माझं मत, कोणी ऐकत नाही ती गोष्ट वेगळी. कारखान्यातला कन्व्हेयर पट्टा सेकंदाला १ मीटर पळतोय आणि एक्स्पोजर (सेन्सर प्रकाश घेतो तो वेळ) १० मिलीसेकंद ठेवलं तर वस्तू तेवढ्यात १ सेंटीमीटर सरकते, मग लेबल वाचणार कसं? एक्स्पोजर ०.१ मिलीसेकंदावर आणा, स्ट्रोब लाइट (क्षणभर चमकणारा) लावा, ग्लोबल शटरचा (अख्खं चित्र एकाच क्षणी टिपणारा) सेन्सर घ्या.

पायथॉनवाला: हे कोर्समध्ये कोणीच नाही सांगितलं 😅 कॅमेरा यूएसबी घेऊ की सीएसआय (छोट्या रिबन केबलने थेट बोर्डाला जोडायचा)?

फर्मवेअर_काका: बोर्डाजवळच असेल तर सीएसआय. केबल लांब न्यायची असेल तर सरळ गिगई (नेटवर्क केबलवर चालणारा कॅमेरा).