कान्हेरीच्या लेण्यांतील कोणत्या मूर्ती आधी पाहाव्यात?

रानवाट: बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेणी पाहायला आईवडिलांसह जायचे आहे. शंभराहून अधिक लेणी चढउतार करून पाहणे वडिलांच्या गुडघ्यांना झेपणार नाही. क्रमांक ३चे चैत्यगृह (बौद्ध प्रार्थनागृह) पाहणारच आहोत. पण तेथील शिलालेख सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा, म्हणजे इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला असताना व्हरांड्यात बुद्धाच्या एवढ्या भव्य मूर्ती कशा? आणखी कोणत्या मूर्ती चुकवू नयेत?

शिलारेखा: मूळ चैत्यगृहात बुद्धाची मूर्ती नव्हे, तर स्तूप हेच पूजास्थान होते. व्हरांड्याच्या दोन्ही टोकांना उभ्या असलेल्या सुमारे ७ मीटर उंच बुद्धमूर्ती साधारण पाचव्या-सहाव्या शतकातील, म्हणजे कित्येक पिढ्यांनंतरच्या आहेत. विहारात वस्ती आणि उपासना चालू राहिल्यामुळेच जुन्या वास्तूत नव्या श्रद्धेला अशी जागा मिळाली, आणि मला कान्हेरीचे हेच मोठेपण वाटते. मूर्ती पाहून लगेच आत वळू नका. दर्शनी भिंतीवरील स्त्रीपुरुषांच्या जोड्या मूळ कामातल्या आहेत. पुरुषांची पागोटी आणि स्त्रियांचे जड दागिने जवळून पाहिले, की दोन काळांच्या घडणीतला फरक आपोआप कळतो.

सोपारकर: क्रमांक ९० चुकवू नये, असे आवर्जून सांगतो. तेथे अवलोकितेश्वराच्या, म्हणजे बौद्धांच्या करुणामय बोधिसत्त्वाच्या, दोन्ही बाजूंना लहान चौकटींत संकटात सापडलेली माणसे त्याचा धावा करताना दाखवली आहेत. कान्हेरीच्या शिलालेखांत सोपारा आणि कल्याण या तेव्हाच्या बंदरांतील दात्यांचे उल्लेख येतात. समुद्रावर व्यापार करणाऱ्यांना असा तारणहार किती जवळचा वाटला असेल, हे त्या चौकटींसमोर उभे राहिले की उमगते. याच लेण्यात पारशी यात्रेकरूंनी १००९ आणि १०२१ साली कोरलेले पहलवी (जुन्या इराणी भाषेतील) लेखही आहेत. क्रमांक ४१ मधील अकरा मुखांचा अवलोकितेश्वर तर भारतात फार दुर्मीळ आहे. मात्र या दोन्ही ठिकाणी चढ लागतो, त्यामुळे वडिलांना क्रमांक ३च्या परिसरातच निवांत बसू द्यावे.

शिलारेखा: सोमवारी उद्यान बंद असते. क्रमांक ३४ च्या छतावरील अपुरी राहिलेली बुद्धाची चित्रे पाहायची असतील, तर सोबत विजेरी ठेवावी. मूर्तींना हात मात्र कोणीही लावू नये.